सहा हातांची कडी : फॉस्फरस, नायट्रोजन आणि पॉलिमर

आपल्या मालिकेत आज एक रसायनशास्त्राचा विषय घेतो आहे. नाव ऐकून घाबरू नका. 'फॉस्फाझीन' हा शब्द मीही सुरुवातीला दोनदा वाचला होता. पण यातली मूळ कल्पना शाळेत विज्ञान शिकलेल्या कोणालाही समजेल अशी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या बंगळुरूतून गेला आहे. यशवंतपूरकडून मल्लेश्वरमकडे येताना भारतीय विज्ञान संस्थेचा जो झाडांनी भरलेला परिसर लागतो, ज्याला जुने लोक आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, तिथल्या एका विभागात ही गोष्ट बरीच वर्षं शांतपणे घडत होती.

प्रश्न साधा आहे. आपण रोज वापरतो ते प्लॅस्टिक आणि रबर दोन ठिकाणी दगा देतं. आग लागली की जळतं, आणि कडाक्याची थंडी पडली की कडक होतं. या दोन्हींवर काही इलाज करता येईल का?

प्लॅस्टिक जळतं का?

पॉलिमर म्हणजे काय ते आधी पाहू. आपल्या दाराला दसऱ्याला आपण आंब्याच्या पानांचं तोरण बांधतो. एक लांब दोरा, आणि त्याला ठरावीक अंतरावर लटकलेली पानं. पॉलिमरचा रेणू साधारण असाच असतो. मधला दोरा म्हणजे रेणूचा कणा आणि लटकलेली पानं म्हणजे बाजूचे गट. १९२० साली हर्मान स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितलं की रबर, सेल्युलोज वगैरे पदार्थ हजारो छोट्या तुकड्यांच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असतात. तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं. १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं.

पॉलिथिनची पिशवी, पीव्हीसीचा पाइप, थर्माकोल, खुर्चीतला फोम, गाडीचा टायर यांत पानं वेगवेगळी असतात, पण दोरा बहुतेक वेळा कार्बनचाच असतो. किंवा कार्बन जास्त आणि मध्ये थोडा ऑक्सिजन, नायट्रोजन. आता कार्बन आणि हायड्रोजन म्हणजे काय? रॉकेल तेच, पेट्रोल तेच, मेणबत्तीचं मेणही तेच. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने आपण घरात घट्ट केलेलं इंधनच बाळगतो. फोमच्या सोफ्याला आग लागली की काही मिनिटांत खोली का पेटते, ते यावरून कळेल. आणि बंद जागेतल्या आगीत माणूस बहुधा ज्वाळेने जाण्याआधी धुराने जातो, हे अग्निशमन दलातला कोणीही जवान तुम्हाला सांगेल.

यावर जुना उपाय होता प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त रसायनं मिसळण्याचा. आग मंदावायची, पण यातली काही रसायनं घरातल्या धुळीत, नद्यांत, माशांत आणि माणसाच्या शरीरात साठत जातात असं लक्षात आलं. २००९ साली स्टॉकहोम करारात अशा काही ब्रोमीनयुक्त रसायनांवर बंदी घालण्यात आली. म्हणजे आगीपासून वाचवणारं औषधच विष ठरलं. मग ब्रोमीनशिवाय आग कशी रोखायची?

आगपेटीतला फॉस्फरस आग विझवतो कसा?

इथे फॉस्फरस येतो. ऐकायला हे उलटंच वाटेल. फॉस्फरस म्हटलं की आपल्याला काडेपेटी आठवते. काडेपेटीच्या कडेच्या पट्टीवर लाल फॉस्फरस असतो. आम्हा फौजी मंडळींना तर पांढरा फॉस्फरस आठवतो, जो हवेचा स्पर्श होताच पेट घेतो आणि ज्याच्या धुराचा पडदा करतात. मग हा पदार्थ आग कशी रोखणार?

गंमत अशी की मूलद्रव्य कोणाबरोबर बांधलं गेलं आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो. एकटा क्लोरीन विषारी वायू आहे, आणि सोडियमबरोबर गेला की रोजचं मीठ. एकटा फॉस्फरस जळतो, पण ऑक्सिजन किंवा नायट्रोजनशी पक्का बांधला गेला की तो आपल्या हाडांत, दातांत आणि डीएनएच्या कण्यात निवांत बसतो.

असा बांधलेला फॉस्फरस प्लॅस्टिकमध्ये असेल आणि प्लॅस्टिक तापलं, तर त्यातून फॉस्फरिक आम्लासारखे पदार्थ तयार होतात. ते आजूबाजूच्या पदार्थातलं पाणी ओढून घेतात आणि त्याचा कोळसा करतात. कोळशाचा हा थर पृष्ठभागावर बसतो. त्यामुळे खालच्या मालाला उष्णता पोचत नाही, आणि आतून ज्वालाग्राही वायू बाहेर येत नाही. नायट्रोजन काय करतो? तो तापल्यावर न जळणारे वायू सोडतो. ते ज्वाळेतली हवा पातळ करतात आणि कोळशाचा थर फुगवून जाड करतात. चुलीतला निखारा राखेखाली झाकला की रात्रभर धगधगतो पण भडकत नाही, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे राख पदार्थ स्वतःच स्वतःवर ओढून घेतो.

म्हणजे फॉस्फरस आणि नायट्रोजन दोघं एकत्र असले तर काम जास्त चांगलं होतं. शेतकऱ्यांच्या डीएपी खतातही हे दोघे असतात, पण तिथे ते शेजारी राहतात, एकमेकांशी थेट रासायनिक बंध नसतो. आजच्या आपल्या विषयात ते एकमेकांचा हात पक्का धरतात. अशा संयुगांना फॉस्फाझीन म्हणतात.

एका कडीची जुनी कथा

ही गोष्ट १८३४ पासूनची आहे. जर्मनीत लीबिग आणि व्होलर या दोन मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी फॉस्फरस पेंटाक्लोराइडवर अमोनियाची क्रिया केली. मुख्य पदार्थ वेगळाच निघाला, पण थोडेसे सुंदर पांढरे स्फटिकही मिळाले. हे स्फटिक पाण्याला दाद देत नव्हते. त्या काळात त्यांची रचना कळण्याचं साधन नव्हतं.

पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत एच. एन. स्टोक्स यांनी त्यांचा नेटाने अभ्यास केला आणि हे रेणू कडीसारखे, म्हणजे वर्तुळाकार असावेत असं सुचवलं. अंदाज बरोबर होता. तीन फॉस्फरस आणि तीन नायट्रोजन आळीपाळीने बसून षटकोनी कडी होते. प्रत्येक फॉस्फरसवर दोन क्लोरीन असतात, म्हणजे कडीला एकूण सहा क्लोरीन. हे सहा क्लोरीन म्हणजे कडीचे सहा हात समजा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्टोक्स यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ही कडी खूप तापवली की ती उघडते, कड्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रबरासारखा ताणला जाणारा पदार्थ मिळतो. त्यात कार्बनचा एक अणूही नाही! लोकांनी त्याला 'अकार्बनी रबर' म्हटलं. पण हे रबर निरुपयोगी निघालं. कुठल्याही द्रावकात विरघळत नव्हतं आणि दमट हवेत ठेवलं की हळूहळू फुटून चुरा होत होता. कारण फॉस्फरसवरचे क्लोरीन पाण्याने एकेक करून निघून जायचे. जवळजवळ सत्तर वर्षं हे रबर पुस्तकातली एक गंमत म्हणून पडून राहिलं.

ऑलकॉक यांची युक्ती

१९६५ साली हॅरी ऑलकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा गुंता सोडवला. ऑलकॉक जन्माने इंग्रज. ते अमेरिकेत गेले आणि पुढे पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात त्यांनी सगळी कारकीर्द याच विषयावर घालवली.

युक्ती दोन पायऱ्यांची होती. पहिली पायरी : कडी शुद्ध करून बंद नळीत सुमारे २५० अंश सेल्सिअसला तापवायची, पण सगळा माल एकमेकांत गुंतून जाण्याआधी थांबायचं. वेळेवर थांबलं की लांब साखळ्या मिळतात, पण त्या सुट्या असतात आणि द्रावकात विरघळतात. दुसरी पायरी : विरघळलेल्या साखळीवरचे सगळे क्लोरीन काढून त्यांच्या जागी सेंद्रिय गट बसवायचे. पाण्याला भिणारे क्लोरीन गेले, की पदार्थ टिकाऊ झाला.

आपल्या तोरणाच्या भाषेत सांगायचं तर ऑलकॉक यांनी दोराच बदलला. कार्बनच्या दोऱ्याऐवजी फॉस्फरस-नायट्रोजनचा दोरा, आणि त्याला सेंद्रिय पानं. पानं बदलली की गुणधर्म बदलतात, आणि दोरा तोच राहतो. या पद्धतीने पुढे शेकडो वेगवेगळी पॉलिफॉस्फाझीन तयार झाली.

एक उदाहरण पाहा. सगळी पानं एकाच जातीची, म्हणजे ट्रायफ्लुओरोइथॉक्सी या गटाची बसवली तर साखळ्या शिस्तीत रांगेत बसतात आणि त्यापासून पातळ फिल्म, धागे होतात. पण लहान आणि मोठी अशी दोन जातींची फ्लोरीनयुक्त पानं अस्ताव्यस्त मिसळून बसवली, तर साखळ्यांना रांगेत बसता येत नाही आणि मग मिळतं उत्तम रबर. परेड ग्राउंडवर एकाच उंचीचे जवान सहज सरळ ओळीत उभे राहतात. वेगवेगळ्या उंचीची, वेगवेगळं सामान घेतलेली माणसं उभी केली की ओळ बसत नाही. रेणूंचंही तसंच आहे.

थंडी आणि रबर

हे रबर फौजेला का हवं, हे मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. लडाखसारख्या भागात हिवाळ्यात पारा उणे वीस-तीसच्या खाली जातो. अशा ठिकाणी बंदूक आणि माणूस यांच्याइतकीच काळजी रबराची घ्यावी लागते. डिझेलची नळी, पंपातली सील, जेरीकॅनच्या झाकणातला वायसर, गाडीच्या इंजिनचे पट्टे या सगळ्या वस्तू रात्रीत कडक होतात. सकाळी हिसका बसला की नळीला चीर जाते आणि तेल टपकायला लागतं. मैदानी भागात ही किरकोळ दुरुस्ती असते. वरच्या चौकीवर, जिथे तेलाचा प्रत्येक कॅन पाठीवर किंवा हेलिकॉप्टरने येतो, तिथे तो जिवाचा प्रश्न होतो.

रबर थंडीत कडक का होतं? साखळ्या एका विशिष्ट तापमानाच्या खाली हलायच्या थांबतात. त्या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या वर रबर लवचिक असतं आणि खाली काचेसारखं होतं. फॉस्फरस-नायट्रोजनचा दोरा कार्बनच्या दोऱ्यापेक्षा सहज वळतो, कारण त्याच्या बंधाभोवती फिरायला फारशी अडचण नसते. त्यामुळे त्याचं काचसंक्रमण तापमान खूप खाली, उणे साठ अंशांच्याही खाली आणता येतं. शिवाय फ्लोरीनच्या पानांमुळे त्यावर पेट्रोल, डिझेल आणि हायड्रॉलिक तेलाचा परिणाम होत नाही, आणि ते सहजासहजी पेटत नाही. थंडी, तेल आणि आग या तिन्ही शत्रूंशी एकाच वेळी लढणारा पदार्थ क्वचित मिळतो.

अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९७० च्या दशकात असं रबर 'पीएनएफ' या नावाने आणलं. अति थंड प्रदेशातल्या इंधनाच्या नळ्या, ओ-रिंग, विमानांतल्या सील अशा लष्करी आणि हवाई कामांसाठी ते वापरलं गेलं.

थंडीत कडक झालेल्या रबराची किंमत जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिली. चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर गेले. बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंग त्या सकाळच्या थंडीत पुरेशा लवचिक राहिल्या नव्हत्या. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि दाब काढल्यावर तो लगेच पूर्वीच्या आकारात येत नाही, हे सगळ्यांसमोर दाखवलं. फॉस्फाझीनची रिंग असती तर अपघात टळला असता, असा दावा मी करणार नाही. तिथे निर्णय घेणाऱ्यांचाही दोष होता. पण एका रबरी कडीवर सात जीव अवलंबून असू शकतात, एवढं त्यातून समजावं.

बंगळुरूतलं काम

आता आपल्या शहराकडे येऊ. १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत अकार्बनी आणि भौतिक रसायनशास्त्राचा विभाग आहे. तिथे ए. आर. वासुदेव मूर्ती आणि एस. एस. कृष्णमूर्ती यांच्यासारख्या अध्यापकांनी फॉस्फरस-नायट्रोजनच्या कड्यांचा अभ्यास अनेक वर्षं केला. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले आर. ए. शॉ हे त्या काळी या विषयातले मोठे नाव होते, आणि बंगळुरूच्या गटाचं त्यांच्याबरोबर सहकार्य होतं. कृष्णमूर्ती यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७८ साली या कड्यांवर लिहिलेला विस्तृत आढावा या क्षेत्रातल्या लोकांना परिचित आहे.

त्यांचा प्रश्न वरवर पाहता अगदी बारीक होता. कडीचे सहा हात म्हणजे सहा क्लोरीन. त्यांच्या जागी दुसरे गट बसवायला लागलो, तर पहिला कोणता क्लोरीन जातो? दुसरा गट त्याच फॉस्फरसवर बसतो की शेजारच्या? कडीच्या त्याच बाजूला बसतो की उलट्या बाजूला? तीनऐवजी चार फॉस्फरसची मोठी कडी घेतली तर काय होतं? या मोठ्या कडीत तर त्यांना एक वेगळीच गोष्ट सापडली. काही अमाइन घेतले की कडीच्या समोरासमोरच्या दोन फॉस्फरसांमध्ये नायट्रोजनचा पूल बांधला जातो आणि एका कडीच्या दोन कड्या होतात.

कोणी विचारेल, याचा उपयोग काय? इंजिनिअर पूल बांधण्याआधी नदीचा तळ मोजतो, दोन्ही काठांची माती तपासतो. मोजणी चालू असताना पूल दिसत नाही. पण मोजणीशिवाय बांधलेला पूल पहिल्या पुरात जातो. कडीचा कोणता हात कधी सुटतो हे ज्याला पक्कं माहीत आहे, तोच उद्या पाच हातांना एक काम आणि सहाव्याला दुसरं काम देऊ शकतो. आणि नेमकं हेच पुढे झालं.

चंद्रशेखर यांचा मार्ग

या विभागातून १९८२ साली व्ही. चंद्रशेखर यांनी डॉक्टरेट मिळवली. मग ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रॉबर्ट होम्स यांच्याकडे गेले, परत आले आणि पुढे कानपूरच्या आयआयटीत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन आणि संशोधन केलं. २००३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. भुवनेश्वरच्या नायसरचे आणि हैदराबादच्या टीआयएफआर केंद्राचे ते संचालक होते. अकार्बनी पॉलिमरवरचं त्यांचं पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झालं.

ऑलकॉक यांनी दोरा बदलला, हे आपण पाहिलं. दुसराही एक मार्ग आहे. दोरा नेहमीचा कार्बनचाच ठेवायचा आणि फॉस्फरस-नायट्रोजनची आख्खी कडी पान म्हणून त्याला लटकवायची. अमेरिकेत क्रिस्तोफर ॲलन यांनी या मार्गावर काम केलं होतं. चंद्रशेखर यांच्या गटाने तो वेगळ्या कामासाठी वापरला.

या मार्गाचे फायदे दोन. पहिला, कार्बनच्या साखळ्या बनवण्याचं तंत्र जगात सगळीकडे तयार आहे. २५० अंशांची बंद नळी, वेळेवर थांबण्याची कसरत, ओल लागू न देण्याची धावपळ यातलं फारसं काही करावं लागत नाही. दुसरा, साखळीत लटकवण्याआधीच कडीवर हवे ते गट बसवून, तपासून, शुद्ध करून घेता येतात. शिवणकामात जसं काज-बटण आधी करून मग तुकडे जोडतात, तसं.

आता सहा हात आठवा. चंद्रशेखर यांच्या गटाने कडीच्या पाच हातांवर असे गट बसवले जे धातूचा अणू पकडून ठेवतात. सहाव्या हातावर बसवला दुहेरी बंध असलेला गट, म्हणजे साखळीत अडकण्यासाठीचा हुक. मग अशा कड्या इतर सेंद्रिय रेणूंबरोबर गुंफून त्यांचा न विरघळणारा जाळीदार पॉलिमर केला. पाच हात कामाला आणि एक हात दोरी धरायला, अशी ही वाटणी.

२००२ साली त्यांनी याची दोन उदाहरणं प्रसिद्ध केली. एकात पाच हातांवर पायराझोल या नायट्रोजनयुक्त गटाची पकड होती आणि तिच्यात तांबं बसवलेलं होतं. हा पॉलिमर फॉस्फेट एस्टर नावाच्या रेणूंचा बंध पाण्याच्या मदतीने तोडतो. हे बंध फार चिवट असतात. डीएनएचा कणा त्याच जातीच्या बंधांचा असतो, म्हणून तर तो टिकतो. फौजी माणसाला इथे आणखी एक गोष्ट जाणवते. सरीनसारखे मज्जासंस्थेवर हल्ला करणारे विषारी वायू हेही फॉस्फरसचेच एस्टर आहेत, आणि ते निकामी करायचे तर त्यांच्यातला बंध तोडावा लागतो. ते प्रयोग विषारी वायूंवर केलेले नव्हते, हे स्पष्ट सांगतो. पण फॉस्फरसचे बंध कसे तोडायचे हे ज्ञान दोन्हीकडे लागतं.

दुसऱ्या उदाहरणात पाच हातांवर फॉस्फीन गट होते आणि त्यांनी पॅलेडियम धरून ठेवलं होतं. पॅलेडियम मौल्यवान धातू आहे. औषधं आणि इतर रसायनं बनवताना कार्बनचे दोन तुकडे एकमेकांना जोडण्यासाठी हेक अभिक्रिया वापरतात आणि त्यासाठी पॅलेडियम लागतं. याच प्रकारच्या कामासाठी २०१० साली रिचर्ड हेक, एई-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना नोबेल मिळालं. अडचण अशी की पॅलेडियम द्रावणात विरघळलेलं असेल तर काम झाल्यावर ते परत मिळवणं कठीण, आणि औषधात धातूचा अंश राहून चालत नाही. पॅलेडियम न विरघळणाऱ्या पॉलिमरवर अडकवलेलं असेल तर चहा गाळावा तसं मिश्रण गाळायचं. चोथा बाजूला राहतो, धातू त्यातच, आणि तोच चोथा पुन्हा वापरता येतो.

आग आणि बॅटरी

आता आपण सुरुवातीच्या आगीकडे परत येऊ. कडीच्या सहाही हातांवर फिनॉक्सी गट बसवले तर एक स्थिर पांढरा पदार्थ मिळतो. तो पॉलिकार्बोनेट आणि इपॉक्सी यांच्यात आग मंदावण्यासाठी मिसळला जातो. संगणकातला सर्किट बोर्ड इपॉक्सीचाच असतो, आणि बंगळुरूतल्या किती घरांत असे बोर्ड आहेत हे सांगायला नको.

इथे एक व्यवहाराची गोष्ट समजून घ्या. मिसळलेला पदार्थ आणि बांधलेला पदार्थ यांत फरक असतो. भाजीत वरून घातलेलं तेल तरंगून वर येतं, तसं मिसळलेलं रसायन कालांतराने प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर येऊ शकतं, पुसलं जाऊ शकतं. पण कडी साखळीलाच रासायनिक बंधाने लटकवलेली असेल, तर ती कुठे जाणार? दोऱ्याला कडी बांधण्याच्या कल्पनेचं इथलं मोल हे आहे.

बॅटरीतही या संयुगांना काम मिळालं आहे. लिथियम-आयन बॅटरीत आतलं द्रव सेंद्रिय असतं आणि ते जळतं. विजेवर चालणाऱ्या स्कूटरला आग लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात हे द्रव भर घालतं. फ्लोरीन लावलेली फॉस्फाझीनची कडी थोड्या प्रमाणात या द्रवात मिसळली की ते पेटायला नाखूश होतं. दुसरीकडे, १९८४ साली ड्युवर्ड श्रायव्हर आणि ऑलकॉक यांच्या गटांनी असं पॉलिफॉस्फाझीन दाखवलं ज्यात लिथियमचं मीठ विरघळून लिथियम आयन ये-जा करतात. म्हणजे जळणाऱ्या द्रवाऐवजी घन पॉलिमर वापरण्याचा तो एक मार्ग आहे. त्यावर अजून काम चालू आहे.

वैद्यकातलं एक उदाहरण देतो. अमिनो आम्लाचे गट लावलेला फॉस्फरस-नायट्रोजनचा दोरा शरीरात हळूहळू विरघळतो आणि त्याचे फॉस्फेट, अमोनिया असे शरीराला परिचित पदार्थ होतात. म्हणून हाड भरून येईपर्यंत आधार देणारी आणि मग नाहीशी होणारी जाळी करण्यासाठी अमेरिकेत केटो लॉरेन्सिन यांच्यासारखे संशोधक यावर काम करतात. लडाखच्या थंडीत न फुटणारं रबर आणि शरीरात विरघळणारी जाळी, दोन्हींचा दोरा एकच. फरक पानांचा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इतकं चांगलं आहे तर घरोघरी का नाही? उत्तर एका शब्दात : किंमत. पॉलिथिन स्वस्त वायूपासून टनावारी बनतं. फॉस्फाझीनची कडी बनवायला फॉस्फरस पेंटाक्लोराइड लागतं. ते हाताळायला त्रासदायक असतं आणि क्रियेत हायड्रोजन क्लोराइडचा संक्षारक वायू बाहेर पडतो. मग कडी शुद्ध करा, उघडा, क्लोरीन बदला. प्रत्येक पायरीला खर्च. १९९५ साली इयन मॅनर्स आणि ऑलकॉक यांच्या गटांनी साध्या खोलीच्या तापमानाला, लांबी ठरवून साखळी बनवण्याची पद्धत दाखवली. त्यामुळे नियंत्रण सुधारलं, पण पदार्थ काही पॉलिथिनइतका स्वस्त झाला नाही. म्हणून जिथे अपयशाची किंमत मालाच्या किमतीपेक्षा जास्त आहे, तिथेच तो परवडतो : विमान, लष्कर, शस्त्रक्रिया, बॅटरी.

हे पदार्थ अजिबात जळत नाहीत का? तसं नाही. 'आग मंदावणारा' आणि 'न जळणारा' हे दोन वेगळे शब्द आहेत. मोठ्या आगीत जवळपास सगळंच जळतं. आग मंदावणाऱ्या पदार्थाने तुम्हाला मिळतात ती काही मिनिटं. पण खोलीतून मुलांना बाहेर काढायला तीच काही मिनिटं लागतात. म्हणून वायरिंग तपासणं, गॅसचा नॉब बंद करणं, रात्रभर स्कूटर चार्जिंगला दाराशी न ठेवणं यातलं काही या रसायनामुळे कमी होत नाही.

मुलांनी या विषयात जावं का? बंगळुरूत मराठी घरातलं पोर बारावी झालं की पहिला विचार संगणकाचा होतो. त्यात वाईट काही नाही. पण मघाशी आपण पाहिलं की १८३४ च्या काही पांढऱ्या स्फटिकांपासून आजच्या बॅटरीपर्यंत पोचायला दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला, आणि मधल्या काळात कडीचा कोणता हात आधी सुटतो हे मोजणाऱ्या माणसांनीच रस्ता बांधला. त्यातले काही इथे, आपल्याच शहरात होते. ज्याला बाटली, काचनळी आणि धीर या तिन्हींची आवड आहे, त्याने अकार्बनी रसायनशास्त्राकडे जरूर पाहावं. ज्यांना संस्थेचा परिसर आतून पाहायचा आहे, त्यांनी तिच्या 'ओपन डे'ला मुलांना घेऊन जावं. त्या दिवशी प्रयोगशाळा सगळ्यांसाठी उघड्या असतात आणि तिथले विद्यार्थी आवडीने समजावून सांगतात.

आजचा मुद्दा तीन वाक्यांत लिहून ठेवा. फॉस्फरस आणि नायट्रोजन एकमेकांना बांधले की आग आणि थंडी दोन्हींना तोंड देणारा धागा मिळतो. सेंद्रिय पॉलिमरशी त्याची सांगड दोन प्रकारे घालता येते : दोरा बदलून, नाहीतर दोऱ्याला कडी लटकवून. आणि कडीचा प्रत्येक हात ओळखणारा माणूस असेल, तरच त्या हाताला काम देता येतं.

पुढच्या भागात सिलिकोनबद्दल बोलू, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा दोरा, जो आपल्या स्वयंपाकघरात केकच्या साच्यापर्यंत पोचला आहे. तोपर्यंत काळजी घ्या. जय हिंद, जय महाराष्ट्र.